नभोवाणी, आंतरराष्ट्रीय लोकसेवा

सार्वजनिक निधीतून, व्यापारी नफ्याची अपेक्षा न ठेवता, एखाद्या देशातील स्वायत्त संस्थेने देशाबाहेरील श्रोत्यांसाठी त्यांच्याच भाषांत चालविलेल्या वृत्त व कार्यक्रम सेवेस आंतरराष्ट्रीय लोकसेवा नभोवाणी असे म्हणतात. दूरचित्रवाणी व आंतरजाल यांचा प्रसार झाल्यानंतर ‘आंतरराष्ट्रीय लोकसेवा माध्यमे’ ही अधिक व्यापक संज्ञा रूढ झाली. शासकीय प्रचारयंत्रणा आणि लोकसेवा यांतील सीमारेषा मात्र नेहमीच अंधुक राहिलेली आहे. पैसा शासनाचा आहे एवढ्यावरून एखादी सेवा प्रचारकी ठरत नाही. संहितेवर अंतिम शब्द कोणाचा आणि पैसा देणाऱ्यास न रुचणारी बातमी ती सेवा देऊ शकते की नाही, या दोन गोष्टींवरून तिची पारख करावी लागते. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने (बीबीसी) ३ जानेवारी १९३८ रोजी अरबी सेवा सुरू केली, त्या पहिल्याच दिवसाच्या वार्तापत्रात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एका पॅलेस्टिनी अरबास फाशी दिल्याची बातमी होती. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यास ती खटकली. अशा सेवांचे पुढील सारे वाद त्या प्रसंगात बीजरूपाने आढळतात.

या सेवांची वाढ लघुतरंग प्रक्षेपणामुळे शक्य झाली. सु. ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रेडिओ तरंगांचे आयनांबरातून परावर्तन होत असल्यामुळे ते हजारो किलोमीटर अंतरावर पोहोचतात आणि वाटेतील राजकीय सरहद्दी त्यांना अडवू शकत नाहीत. नेदर्लंड्समधून १९२७ मध्ये ईस्ट इंडीज बेटांकडे व मॉस्कोहून १९२९ मध्ये परकीय भाषांत प्रक्षेपणे सुरू झाली. बीबीसीची ‘एम्पायर सर्व्हिस’ १९ डिसेंबर १९३२ रोजी निघाली; ती इंग्रजीत होती व वसाहतींतील इंग्रजांसाठी होती. वसाहतींतील प्रजेच्या भाषांकडे लक्ष वळले ते इटली व जर्मनी यांच्या प्रक्षेपणांना उत्तर देण्याची गरज भासू लागल्यानंतर. म्हणजे श्रोत्याच्या भाषेत बोलण्याची निकड प्रथम युद्धाने निर्माण केली, सेवाभावाने नव्हे.

मराठी भाषेच्या बाबतीतही हेच घडले. बीबीसीची हिंदुस्थानी सेवा ११ मे १९४० रोजी आणि मराठी व गुजराती सेवा १ मार्च १९४२ रोजी सुरू झाल्या. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानच्या हाती पडले होते. सुभाषचंद्र बोस यांचा आवाज त्याच महिन्यात जर्मनीतून ‘आझाद हिंद रेडिओ’वर ऐकू येऊ लागला होता, त्या केंद्राच्या वार्तापत्रांच्या भाषांत मराठीही होती. परदेशातून मराठीत बोलणारे दोन आवाज अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी निर्माण झाले आणि दोघांचाही श्रोता एकच होता. त्याच वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मुंबईत उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृतींनी चालविलेले भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र ४२·३४ मीटर तरंगलांबीवर कार्यरत होते. आकाशवाणीच्या अधिकृत वार्तापत्रावर विश्वास न ठेवणाऱ्या श्रोत्यास तुलनेसाठी अनेक आवाज उपलब्ध झाले, ही त्या काळाची एक विशेष घटना मानावी लागेल.

लंडनमधील भारतीय विभागाचे प्रमुख झुल्फिकार अली बुखारी होते. प्रसिद्ध इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल (१९०३–५०) यांनी १९४१ ते १९४३ या काळात या विभागात काम केले. युद्धस्थितीचे साप्ताहिक समालोचन ते इंग्रजीत लिहीत व त्यांतील अनेक संहितांचे मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ इ. भाषांत अनुवाद होऊन ते प्रक्षेपित होत. प्रत्येक संहितेस धोरण व सुरक्षा अशा दोन दृष्टींनी केलेल्या तपासणीतून जावे लागे. कोल्हापूर परिसरातून आलेल्या वेणू चितळे या ऑर्वेल यांच्या साहाय्यक म्हणून काम करीत. इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत प्रक्षेपण करणाऱ्या वेणू चितळे यांची पुढे इन ट्रान्झिट (१९५०) ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. ऑर्वेल यांनी १९४३ मध्ये राजीनामा दिला. ज्या कामातून काही निष्पन्न होत नाही, त्यावर आपला वेळ आणि जनतेचा पैसा खर्ची पडत आहे, असे त्यांचे मत झाले होते. त्यांची निराशा अगदीच निराधार म्हणता येणार नाही : १९४७ मध्येदेखील भारतातील रेडिओसंचांची संख्या सु. पावणेतीन लाखच होती आणि त्यांतील बहुतेक शहरांत होते. लंडनमध्ये इंग्रजीत लिहून मराठीत उतरविलेले समालोचन कोकणातील वा मराठवाड्यातील खेड्यापर्यंत क्वचितच पोहोचत असावे. संहिता परक्या भाषेत तयार करून श्रोत्याच्या भाषेत केवळ अनुवादित करण्याची ही पद्धत अशा सेवांची जुनी उणीव आहे. भाषा श्रोत्याची असली, तरी प्रश्न त्याचे राहत नाहीत.

गोमंतकाचा अनुभव निराळा व अधिक बोधप्रद आहे. पोर्तुगीज शासनाने पणजी येथे २८ मे १९४६ रोजी ‘एमिसोरा दे गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. परदेशी गेलेल्या गोमंतकीयांपर्यंत पोहोचण्यासाठीही त्याचा उपयोग होई. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यानंतरच्या काळात हे केंद्र पोर्तुगालची बाजू मांडण्याचे प्रमुख साधन बनले. त्याला उत्तर म्हणून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळील आंबोलीच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालू केले. पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलविण्यात आले. पोर्तुगीज व कोकणी या दोन भाषांतून ते सहा वर्षे चालले. पोर्तुगीज वृत्तनियंत्रणामुळे गोव्यात न पोहोचणारी माहिती देणे, हे त्याचे मुख्य काम होते. पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करल्याची वार्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकाद्वारे जाहीर केली. सरदेसाई यांना १९९२ मध्ये व लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. हे केंद्र रूढ अर्थाने लोकसेवा माध्यम नव्हते, ते एका चळवळीचे मुखपत्र होते. तथापि सरहद्दीपलीकडून स्वभाषेत येणाऱ्या आवाजाची बंदिस्त प्रदेशातील जनतेला किती गरज असते, याचे त्याहून स्पष्ट उदाहरण या भागात दुसरे नाही. गोवामुक्तीनंतर एमिसोरा दे गोवा आकाशवाणीत विलीन झाले.

बीबीसीची मराठी सेवा २५ डिसेंबर १९५८ रोजी बंद झाली. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन त्या सुमारास ऐन भरात होते. त्यानंतर जवळजवळ ५९ वर्षे लंडनहून मराठीत बोलणारा आवाज नव्हता. या काळात मराठी श्रोता परदेशी केंद्रे ऐकत नव्हता असे नाही. पण तो ती हिंदीत वा इंग्रजीत ऐके. शिवाय केवळ वार्तापत्रांसाठीच तो लघुतरंगाकडे वळला असेही नाही. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (मंत्रिपदाचा काळ १९५२–६२) यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर निर्बंध आणल्यावर श्रोत्यांचा मोठा वर्ग ‘रेडिओ सिलोन’कडे गेला. त्याला परत आणण्यासाठी आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. रेडिओ सिलोनची ही सेवा व्यापारी होती. तरीही स्वदेशी प्रक्षेपणसंस्थेने श्रोत्याची आवड दुर्लक्षिली तर तो सरहद्द ओलांडतो, हा धडा वृत्तसेवेलाही तितकाच लागू पडतो.

आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) त्याचा प्रत्यय आला. वृत्तनियंत्रणाच्या अटी मान्य न केल्याने बीबीसीचे प्रतिनिधी मार्क टली यांना भारत सोडावा लागला. तत्पूर्वी १९७० मध्ये लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या भारतविषयक अनुबोधपटांवरून बीबीसीचे दिल्ली कार्यालय सु. दोन वर्षे बंद राहिले होते. देशातील वृत्तपत्रे व आकाशवाणी नियंत्रणाखाली असता बीबीसीच्या हिंदी व इंग्रजी वार्तापत्रांना श्रोते लाभले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निधनाची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या कित्येक तास आधी दिली. दिल्लीतील घटना लंडनहून कळावी, हा आकाशवाणीच्या विश्वासार्हतेला बसलेला मोठा धक्का होता. अर्थात बीबीसीचे स्वातंत्र्यही निरपवाद नव्हते. तिच्या जागतिक सेवेचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून चाले आणि कोणत्या भाषांत सेवा द्यावयाची याचा निर्णय त्या खात्याच्या संमतीने होई. अमेरिकेच्या ‘रेडिओ फ्री युरोप’ला तर आरंभीची दोन दशके गुप्तहेर संघटनेकडून छुपा पैसा मिळत असे. वृत्तप्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेने वाहतो, ही अलिप्त राष्ट्रांची तक्रार याच पार्श्वभूमीवर पुढे आली. यूनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाने १९८० च्या अहवालात तिची दखल घेतली. या आयोगाचे एक सदस्य भारतीय पत्रकार बी. जी. व्हर्गीज हे होते. तक्रार रास्त होती. मात्र तिचा आधार घेऊन अनेक शासनांनी आपल्याच जनतेची बाहेरची खिडकी बंद केली, हेही नमूद करावयास हवे.

भारताची स्वतःची परदेशसेवा १ ऑक्टोबर १९३९ रोजी पुश्तू भाषेतील प्रक्षेपणाने सुरू झाली. तिचेही तात्कालिक कारण जर्मन प्रचारास प्रत्युत्तर हेच होते. स्वातंत्र्योत्तर काळात आकाशवाणीच्या परदेशसेवा विभागाने शेजारी देश, पश्चिम आशिया, आफ्रिका व आग्नेय आशिया यांसाठी अनेक भाषांत कार्यक्रम दिले. १९७१ मध्ये उर्दू सेवा निघाली, तर बांगला देशासाठी ‘आकाशवाणी मैत्री’ ही वाहिनी २३ ऑगस्ट २०१६ रोजी कोलकात्याहून सुरू झाली. दूरदर्शनची आंतरराष्ट्रीय वाहिनी १४ मार्च १९९५ पासून आहे. अनिवासी भारतीयांसाठी गुजराती, तमिळ, तेलुगू, मलयाळम् या भाषांना या व्यवस्थेत जे स्थान मिळाले, ते मराठीला मिळाले नाही. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांची जुनी वसाहत आहे आणि तेथील प्रक्षेपण महामंडळ मराठी कार्यक्रम देते. म्हणजे परदेशस्थ मराठी समाजासाठी नियमित नभोवाणी सेवा देण्याचे काम एका छोट्या द्वीपराष्ट्राने केले. पुढे आंतरजालावरून आकाशवाणीची महाराष्ट्रातील केंद्रे जगात कोठेही ऐकण्याची सोय झाली. पण घरच्यांसाठी केलेला कार्यक्रम परदेशी ऐकू येणे आणि परदेशस्थांचा विचार करून कार्यक्रम तयार करणे या भिन्न गोष्टी आहेत.

भारतातील प्रक्षेपणविषयक कायद्याला न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिलेल्या निर्णयाने नवी दिशा मिळाली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचे नियंत्रण शासनाचा एकाधिकार असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयात म्हटले. १९९० चा प्रसारभारती अधिनियम १९९७ मध्ये अंमलात येऊन आकाशवाणी व दूरदर्शन महामंडळाकडे गेली. तथापि १९८५ मध्येच रेडिओ व दूरचित्रवाणी संचांचे परवाना शुल्क रद्द झाल्यामुळे श्रोता आणि प्रक्षेपणसंस्था यांतील थेट आर्थिक दुवा तुटला होता, आणि महामंडळ शासकीय अनुदानावर अवलंबून राहिले. खासगी एफ्‌एम्‌ केंद्रांना स्वतःची वार्तापत्रे देण्यास मुभा नसल्याने परदेशी लोकसेवा माध्यमांनाही त्या मार्गाने मराठी श्रोत्यापर्यंत पोहोचता आले नाही.

बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी गुजराती, पंजाबी व तेलुगू या सेवांबरोबर पुन्हा सुरू झाली. या वेळी ती नभोवाणी नव्हती. आंतरजालावरील मजकूर, ध्वनिफिती व चित्रफिती असे तिचे स्वरूप होते. ब्रिटिश शासनाने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या जादा अनुदानामुळे हा विस्तार झाला. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांवर होती, हे पाहता तो अकाली म्हणता येणार नाही. ‘सोपी गोष्ट’, ‘गावाकडची गोष्ट’ यांसारख्या मालिकांत सातबारा उताऱ्यापासून आंतरराष्ट्रीय तंट्यांपर्यंतचे विषय सोप्या मराठीत मांडले जातात. १९४२ च्या सेवेशी तुलना करता मोठा फरक असा, की येथे संहिता मुळात मराठीत व महाराष्ट्रातील वार्ताहरांकडून तयार होऊ लागली. अनुवादाची छाया असलेला मजकूर अजूनही अधूनमधून आढळतो, पण तो अपवाद ठरावा इतपत प्रगती झाली आहे.

प्रसारमार्गातील बदलाचे परिणाम सामान्य वस्तीतही दिसतात. पनवेल शहरालगत सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवीन पनवेलच्या पश्चिम भागातील खांदा कॉलनी हे त्याचे उदाहरण घेता येईल. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या इमारतींत लघुतरंग व मध्यमतरंग क्षीण होतात. त्यांत घरोघरच्या विद्युत् उपकरणांची खरखर मिसळते. त्यामुळे अशा वसाहतींत दूरचे केंद्र पकडणे हे हौशी माणसाचेच काम राहिले. भ्रमणध्वनीने ही अडचण दूर केली. खांदेश्वर स्थानकातून लोकलने मुंबईस जाणारा नोकरदार लंडनहून अथवा बॉनहून आलेला वृत्तान्त प्रवासात पाहू शकतो. परंतु लघुतरंग ऐकणाऱ्याची नोंद कोणाकडेही होत नसे आणि केंद्र निवडण्याचे काम त्याच्या हाती होते. आता त्याच्यासमोर काय यावे हे परदेशी व्यापारी कंपन्यांच्या गणिती पद्धती ठरवितात, आणि शासनाने जोडणी तोडली की सेवा एका क्षणात थांबते. लोकसेवेचा माल व्यापाऱ्याच्या दुकानातून विकावा लागावा, अशी ही अवस्था आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील दूरध्वनी व आंतरजाल सेवा बंद करण्यात आल्या, तेव्हा बीबीसीने हिंदीतील लघुतरंग प्रक्षेपणाची वेळ वाढविली. आधुनिक साधने निरुपयोगी ठरली असता जुने साधनच कामी आले. असे असूनही ही हिंदी लघुतरंग सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी कायमची बंद करण्यात आली. युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये कीव्ह व रशियाच्या काही भागांसाठी बीबीसीला इंग्रजी लघुतरंग प्रक्षेपण तातडीने चालू करावे लागले, आणि २०२३ मध्ये सूदान व गाझा येथील जनतेसाठी अरबी भाषेत आणीबाणीची नभोवाणी सेवा द्यावी लागली. त्याच वर्षी २७ जानेवारीला ८५ वर्षांची नियमित अरबी नभोवाणी बंद झाली होती. लेबाननमध्ये तिने सोडलेल्या कंप्रतेवर पुढे रशियाच्या शासकीय माध्यमाचे प्रक्षेपण ऐकू येऊ लागले. रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही, याचा हा ढळढळीत पुरावा होय.

काटकसर हेच या माघारीचे प्रमुख कारण दिले जाते. कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय सेवेचे लघुतरंग प्रक्षेपण २०१२ मध्ये संपले. बीबीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये हिंदी, बंगाली, तमिळ व उर्दूसह दहा भाषांतील नभोवाणी सेवा बंद करण्याची घोषणा केली. २०१४ पासून जागतिक सेवेच्या खर्चाचा मोठा भार ब्रिटनमधील परवाना शुल्कावर आहे. परभाषेतील ज्या सेवा आपण कधी ऐकत नाही त्यांसाठी पैसे का द्यावेत, असा प्रश्न तेथील नागरिक विचारू शकतो. मराठी सेवेचे भवितव्य अशा रीतीने मराठी वाचकाच्या हाती नाही. बीबीसीच्या विद्यमान सनदेची मुदत डिसेंबर २०२७ अखेरपर्यंत आहे. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या बाबतीत तर अशा संस्थेची नाजूक स्थिती उघडी पडली. वृत्तांकनाच्या स्वातंत्र्याची हमी देणारी या संस्थेची सनद १९७६ पासून कायद्याचा भाग होती; तरी मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशानंतर तिच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

यजमान देशाचा कायदा ही दुसरी अडचण. भारत सरकारने २०१९ मध्ये आंतरजालावरील वृत्तमाध्यमांतील परकीय गुंतवणुकीस २६ टक्क्यांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयकर खात्याने बीबीसीच्या दिल्ली व मुंबई येथील कार्यालयांत तीन दिवस पाहणी केली. गुजरातमधील २००२ च्या दंगलींसंबंधीचा तिचा अनुबोधपट त्याआधीच्या महिन्यात प्रदर्शित झाला होता व भारतात त्याच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली होती. करविषयक अनियमितता हे पाहणीचे कारण असल्याचे खात्याने सांगितले. पत्रकारांच्या संघटनांनी तो दबावाचा प्रकार मानला. गुंतवणुकीच्या नियमानुसार बीबीसीने भारतीय भाषांतील काम वेगळे केले आणि एप्रिल २०२४ पासून मराठीसह सहा भारतीय भाषांतील सेवा ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीमार्फत चालू लागल्या. ही कंपनी बीबीसीच्याच चार माजी कर्मचाऱ्यांनी स्थापिली. नाव व संपादकीय निकष बीबीसीचे, मालकी बव्हंशी भारतीय आणि पैसा मुख्यतः ब्रिटनचा, अशी ही मिश्र रचना आहे. देशी न्यायालये व प्रशासन यांपुढे आता उत्तरदायी राहील ती भारतीय कंपनी. परक्या संस्थेला देशातील दडपणापासून जे अंतर लाभत असे, ते त्यामुळे कमी झाले. उलट, लंडनच्या धोरणापासून काही अंतर वाढण्याची शक्यताही निर्माण झाली.